गिरणीवरचा आवाज

२ डिसेंबर १९७६

डॉक्टरांनी अत्तींना गप्प बसायला सांगितलं! सासूचं तोंड बंद कर म्हणून चौदा वर्षं मी सिद्धरामेश्वराकडे जे मागत होते ते आज मिळालं – आणि घरी आल्यापासून चुलीपुढं बसून रडतेय मी.

घशात गाठ आहे, आवाजाच्या पेटीवर. मागच्या आठवड्यात तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा निकाल आला. ह्यांनी डॉक्टरांना खुणा केल्या, आईसमोर बोलू नका म्हणून. पण अत्ती कसल्या ऐकतात! सरळच विचारलं, ‘‘क्यान्सर हाय का?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आहे, आजी.’’ हे जमिनीकडं बघत बसले. मी पदराचं टोक चावत बसले. धीर तेवढा अत्तींनाच होता.

आता पाच-सहा आठवडे मशीनखाली लाईट द्यायची. तोवर बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही. नंतर महिना-दीड महिना थांबून बघणार. गाठ विरघळली तर आवाज राहील. नाही विरघळली तर पेटीच काढायची. म्हणजे जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल.

अत्ती म्हणाल्या, ‘‘मग गिरणीवर वरडायचं कुणी?’’ एवढं बोलून तोंड मिटलं ते मिटलंच. रिक्षात बसल्यावरही नाही उघडलं. नाहीतर रिक्षावाल्याला रस्ता सांगितल्याशिवाय त्यांना करमत नाही.

४ डिसेंबर

वरडायचं मी. दुसरं आहे कोण? ह्यांची महापालिकेतली नोकरी, लेक शिवलीला शाळेत.

सासरे गेले तेव्हा हे आठवीत होते म्हणे. तेव्हापासून ही पिठाची गिरणी अत्तींनी एकटीनं चालवली. पट्ट्याचा एवढा धडधडाट, पण अत्तींची हाक त्याच्या वर! ‘‘ए लाल झाकणाच्या डब्याची, ने तुजं पीठ!’’ की बाई चौकातून पळत यायची. मला तर रोजच प्रसाद. ‘‘मंगळवेढ्याची ज्वारी तेवढी चांगली, पोरी आळशी!’’ हे त्यांचं आवडतं वाक्य. माझं माहेर मंगळवेढ्याचं ना. मीही काय कमी? ‘‘आळशी होते तर बघायला कशाला आलात?’’ म्हणायची.

आज मी हाक मारली तर समोरच्या बाईनंही मान वर केली नाही. नबीसाब अत्तींच्या वेळेपासून पट्टा सांभाळतात. ते म्हणाले, ‘‘वैनी, पोटातून वरडा की! हे असं बोललं तर पट्ट्याला ऐकू येत न्हाय, गिऱ्हाईकाला कुटनं यील?’’

अत्ती ओसरीवरून बघत होत्या. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी.

७ डिसेंबर

आज लाईटचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी नाही म्हणून परत यायची वेळ आली होती!

लाईटवाल्या सिस्टरनं सांगितलं, गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र तर नाहीच, राहिलं इष्टलिंग. चांदीच्या डबीतलं, शिवदोऱ्यात, बरोब्बर घशाखाली. सिस्टरनं हात पुढं केला आणि अत्तींनी डबी मुठीत धरली. उठल्या, बाहेर आल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

लिंग अंगावेगळं करायचं नाही. जन्मल्यावर बांधतात ते मातीत जाईपर्यंत अंगावर. सिस्टरला ते काय माहीत! ती म्हणाली, ‘‘दहा मिनिटांचा प्रश्न आहे, खुंटीला लावून ठेवा.’’ खुंटीला! हे समजावत राहिले, ‘‘आई, देव काय रागावतोय का? आई, ऐक की.’’ अत्ती भिंतीकडं तोंड करून बसल्या. बोलता येत असतं तर त्या सिस्टरची धडगत नव्हती.

मला आमच्या आजोबांची आठवण झाली. खळ्यावर मळणीच्या वेळी ते लिंग दंडाला बांधायचे. गळ्यात लोंबकळलं की कामात अडतं म्हणून. मी अत्तींच्या पुढ्यात बसले, म्हटलं, ‘‘गळ्यावर नको म्हणतायत, अंगावर नको कुठं म्हणाले?’’ पदराची चिंधी फाडली. अत्तींनी लिंग स्वतःच्या हातानं डबीतून काढलं, तळहातावर धरलं, पूजेला धरतात तसं. मी ते चिंधीत गुंडाळून त्यांच्या उजव्या दंडाला बांधलं. सिस्टर म्हणाली, चालेल.

शाबासकी वगैरे काही नाही हं! गाठ सैल बांधली म्हणून माझ्या हातावर चापट मारली आणि मग आत गेल्या.

१० डिसेंबर

आज आठवडा झाला, घरात भांडण नाही. जेवण गोड लागत नाही.

१४ डिसेंबर

अत्तींना लिहिता येत नाही, त्यामुळं पाटी-पेन्सिलचा उपयोग नाही. सगळं हातांनी चाललंय. ताटावर बोट दोनदा आपटलं म्हणजे मीठ कमी. पोटावरून हात फिरवला म्हणजे हे – ह्यांचं पोट सुटलंय ना! दाढी ओढल्यासारखं केलं म्हणजे नबीसाब. आणि नाक मुरडलं म्हणजे मी. दुसरी काही खूण सापडली नाही माझ्यासाठी!

गंमत अशी की ह्यांना काही म्हणजे काही कळत नाही. अत्ती हात हलवून हलवून दमतात. हे घाबरून विचारतात, ‘‘काय? पाणी? दुखतंय?’’ शेवटी माझ्याकडं वळतात, ‘‘काय म्हणते गं आई?’’ मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगते, ‘‘उद्या डाळव्याचं पोतं येणार, पैसे देऊन ठेव म्हणतायत.’’ आणि अत्ती मान डोलावतात. हे बघतच राहतात. सख्ख्या मुलाला कळत नाही ते सुनेला कळतं. अहो, चौदा वर्षं तोंडाकडं बघून भांडलोय आम्ही, ते काय फुकट?

१९ डिसेंबर, रविवार

आज नको ते झालं.

सिस्टरनं अत्तींच्या गळ्यावर जांभळ्या रेघा काढून दिल्यात. लाईट कुठं सोडायची त्याची ती खूण. ‘‘पाणी लावायचं नाही, रेघा पुसायच्या नाहीत,’’ दहा वेळा बजावलं होतं. मी रोज त्यांच्या आंघोळीच्या वेळी उभी राहते, गळ्याला फडकं गुंडाळते. आज शिवलीलाला ताप होता म्हणून तिच्यापाशी होते. तेवढ्यात अत्ती आंघोळ करून पूजेला बसल्या. पूजा म्हटली की कपाळ, दंड, छाती, गळा – ओली विभूती तीन बोटांनी ओढायची. साठ वर्षांचा हात तो, आपोआपच गेला. वर ती नीट उमटली नाही म्हणून चोळून दुसऱ्यांदा ओढली!

मी आले तर जांभळ्या रेघांच्या जागी पांढऱ्या रेघा. मला बघितल्यावर अत्तींचा हात गळ्याकडं गेला. चेहरा असा झाला की मी आधी त्यांचा हात धरून खाली घेतला.

मग मी अक्कल चालवली. शिवलीलाच्या गुडघ्याला लावायचं जांभळं औषध कपाटात होतं. काडीला कापूस गुंडाळला आणि आठवतील तशा रेघा काढल्या. हुबेहूब! ह्यांनाही कळलं नाही. अत्तींनी माझा हात धरला आणि डोळ्यांनी विचारलं – बरोबर हायत का? मी म्हटलं, ‘‘व्हय की.’’

काय बरोबर? मला काय माहीत बरोबर काय ते!

२० डिसेंबर

अत्ती टेबलावर झोपल्या. सिस्टर माझ्या रेघांवर मशीन लावत होती. मी दारातून ओरडले, ‘‘थांबा!’’ पोटातून. नबीसाबांनी ऐकलं असतं तर खूश झाले असते.

सगळं सांगितलं. डॉक्टर आले. इतके चिडले! ‘‘अहो, बोटभर इकडंतिकडं झालं असतं तर लाईट भलत्या जागी गेली असती. तुम्ही काय भिंतीवर रांगोळी काढताय?’’ मी मान खाली घालून उभी. त्यांनी मोजमाप करून सगळ्या रेघा नव्यानं काढल्या. म्हणाले, वेळेवर सांगितलंत, आधी दिलेल्या लाईटला काही धोका नाही.

अत्ती टेबलावर झोपून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, बाहेर आल्यावर आता चांगलीच चापट बसणार. त्यांनी त्यांच्या पदरानं माझं तोंड पुसलं. असं खसाखसा, शेंबड्या पोराचं पुसतात तसं. दुखलं.

२१ डिसेंबर

आजपासून विभूती कपाळाला खरी, बाकी सगळी हवेत! गळ्यापुढं हवेत तीन बोटं ओढतात आणि मला दाखवतात – बघ, शिवलं न्हाय.

२९ डिसेंबर

गळ्याची कातडी काळी पडलीये, भाजल्यासारखी. गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन जगलेली बाई ही! आता ज्वारीची आंबील, तीही गार, तीही चार चमचे. मग वाटी सारून देतात.

आज दुपारी आंबीलसुद्धा नको म्हणाल्या. उशीत तोंड खुपसून पडून राहिल्या. हे म्हणाले, ‘‘खा गं आई, माझ्यासाठी खा.’’ काही उपयोग नाही. गोडीनं अत्तींनी कधी काही ऐकलंय?

मी कमरेला पदर खोचला. म्हटलं, ‘‘नका खाऊ! बरंच झालं. गिरणीची किल्ली माझ्याकडंच आहे. उद्यापासून मोठं जातं मी फक्त मंगळवेढ्याच्या बायकांना देणार, आणि नबीसाबांना सांगून तुमची गादी उचलून ठेवणार.’’

उठल्या! डोळे असे वटारले की मी खरंच दोन पावलं मागं सरले. वाटी ओढून घेतली आणि सगळी संपवली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि माझ्याकडं खाऊ का गिळू बघतायत. मग मोरीत जाऊन मी खूप रडले.

१३ जानेवारी १९७७

भोगी. आज सिद्धरामेश्वराच्या लग्नाच्या अक्षता.

अत्ती ऐकेनातच. गड्ड्याच्या जत्रेला गेल्याशिवाय त्यांची संक्रांत होत नाही. गळ्याला मऊ धोतराचं फडकं गुंडाळून नेलं. नबीसाब पुढं वाट काढत होते, हे मागं. अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्याच्या अलीकडंच थांबलो. नंदीध्वजाच्या काठ्या आल्या – उंच, डुलत, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पेलत होती. अक्षता पडल्या आणि सगळीकडून ‘हर्र’ उठलं.

अत्तींचं तोंड उघडलं. आवाज बाहेर पडणार, तेवढ्यात त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी दाबून धरला. दरवर्षी इथं त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो.

मला राहवलं नाही. मी ओरडले, ‘हर्र!’ पुन्हा एकदा ओरडले. पुढची बाई वळून म्हणाली, ‘‘अगं माझे कान!’’ मी म्हटलं, ‘‘एक माझं, एक अत्तींचं.’’

१८ जानेवारी

लाईट संपली. आता वाट बघायची. अजून बोलायचं नाही.

२० फेब्रुवारी

गळ्याची कातडी निवळली. अत्तींनी आज भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून खाल्ला. ताटावर बोट दोनदा आपटलं. मीठ कमी! मी एवढी खूश झाले की मीठ जास्तच पडलं.

७ मार्च

गाठ आहे.

लहान झालीये, पण आहे. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा आरसा घालून बघितलं. पेटी काढावी लागेल. परवा बुधवारी दाखल व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन. मी विचारलं, ‘‘त्या रेघांमुळं का?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘नाही हो. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. काही गाठी ऐकत नाहीत.’’ आज त्यांचा आवाज मऊ होता.

मग अत्तींना म्हणाले, ‘‘आजी, आता गप्प बसायची गरज नाही. दोन दिवस आहेत. जे बोलायचं ते बोलून घ्या.’’

तीन महिने! तीन महिने त्या बाईनं आवाज जपला. हर्र म्हटलं नाही. आणि आता म्हणे बोलून घ्या!

अत्ती काही बोलल्या नाहीत. वाटेत नाही, घरी नाही. हे जेवले नाहीत. मीही नाही.

८ मार्च

सकाळी चूल पेटवत होते, आणि बाहेरून – ‘‘नबीऽ! पट्टा घसरतोय, कान फुटले का तुजे?’’

माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. घोगरा, फाटका, मधेच तुटणारा – पण अत्तींचाच! शिवलीला पांघरुणातून उठून पळाली. बाहेर जाऊन बघते तर अत्ती गिरणीवर आपल्या गादीवर बसलेल्या, पिठाचा डबा मांडीशी.

दिवसभर बोलल्या. देवा, काय बोलल्या! प्रत्येक डब्याला हाक मारली. बातमी कशी पसरली कोण जाणे, बायका दळण नसतानाही यायला लागल्या. शेजारच्या मथुराबाईंशी मोरीच्या पाण्यावरून सहा वर्षं अबोला आहे. त्यांना बोलावून घेतलं, आधी भांडण पूर्ण केलं, सगळे मुद्दे काढून! मग म्हणाल्या, ‘‘चूक तुजीच हाय. पण बस, च्या पी.’’ मथुराबाई रडत रडत चहा प्यायल्या.

नबीसाबांना म्हणाल्या, ‘‘तुला लई शिव्या दिल्या रे मी. पर तू हुतास म्हणून गिरणी हुती.’’ नबीसाब टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, ‘‘अम्मा, शिव्या मोजून ठेवल्यात मी, परत देणार हाय.’’ दोघंही हसले.

निवडणुकीची रिक्षा भोंगा लावून गल्लीत आली. अत्ती गादीवरून उठून ओरडल्या, ‘‘सुम्म कूड! आज माजा दिवस हाय!’’ गप्प बस! रिक्षावाल्यानं खरंच भोंगा बंद केला.

दुपारी ह्यांना आत बोलावून दार लावून घेतलं. बराच वेळ. हे बाहेर आले ते तोंड धुवायला मोरीतच गेले. मग अत्तींनी शिवलीलाला मांडीवर घेतलं – बारा वर्षांची घोडी! – आणि कानडीत गोष्ट सांगितली, राजाची, पोपटाची, सगळे आवाज काढून. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत होते. वाटलं, आता मला हाक येईल. ‘‘ए मंगळवेढ्याची!’’ म्हणून.

नाही आली.

मी चहा घेऊन गेले. घेतला. मी म्हटलं, ‘‘अत्ती, काही हवंय का?’’ त्यांनी हात हलवला – नको. हात! एवढा आवाज असताना मला हात! संध्याकाळी पुन्हा गेले, उगाचच, गळ्याला तूप लावू का विचारायला. मान हलवली. दिवेलागणीला आवाज बसला, मग नुसती हवा यायला लागली. संपलं.

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. लाज वाटते लिहायला – त्या बाईचा आवाज जाणार आणि मी माझा वाटा मागत बसलेय. पण वाटतंय त्याला काय करू? दळणाच्या बायकांना शब्द मिळाले. भोंगेवाल्याला मिळाले. मला एक शिवी तरी द्यायची होती!

९ मार्च

दाखल केलं. जाताना गिरणीच्या उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. लिंग मीच दंडाला बांधलं, घट्ट.

१० मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालंय, कुठं पसरलेलं नव्हतं. आजी जगतील. हे तिथंच फरशीवर बसले आणि हात जोडले. मीही जोडले. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास येतो-जातो. सूं सूं वाजतं. नाकात नळी. मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

१३ मार्च

गिरणीवर हाक मारली, ‘‘लाल झाकणाचा डबाऽ!’’ चौकातून बाई पळत आली. तिनं ओसरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. डबा घेऊन गेली.

१६ मार्च

आज अत्तींना उशीला टेकवून बसवलं. मी फडकं बदलत होते. ह्यांना माझं सगळं कळलं होतं म्हणायचं, कारण एकदम म्हणाले, ‘‘आई, त्या दिवशी सगळ्या गावाशी बोललीस. ईरम्माशी एक शब्द नाही. रोज रडते ती.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अत्तींनी दाराकडं हात केला, गोल फिरवला – ते सगळे. मग ओठांवर बोट आपटलं. मग माझ्याकडं हनुवटी केली, ओठांवरचं बोट उडवून दिलं, आणि माझं मनगट धरून मला खाटेवर ओढलं. त्यांना तोंडानं सांगावं लागतं. तुला कशाला? तुला आयुष्यभर सांगायचंय की.

मनगट सोडेनात. सूं सूं आवाज जोरात यायला लागला.

हे घाबरून म्हणाले, ‘‘काय म्हणते गं?’’

‘‘उशी वर करा म्हणतायत,’’ मी म्हटलं.